डक्टमधला उकाडा

फळ्यावर मी आधी दोन चौकोन काढते, एक वर आणि एक खाली, आणि मधोमध एक गोल. वरचा चौकोन गरम, खालचा थंड, आणि गोल म्हणजे यंत्र. बाण वरून खाली काढला की ते इंजिन, खालून वर काढला की फ्रिज. अंधेरीच्या एका डिप्लोमा कॉलेजात मी अठरा वर्षं उष्मागतिकी शिकवते आहे, त्यामुळे हे चित्र मला झोपेतही काढता येईल. फ्रिजच्या चित्रात वरच्या चौकोनात मी ‘परिसर’ असं लिहिते आणि मुलांना सांगते, हा एवढा मोठा धरायचा की त्यात कितीही उष्णता ओतली तरी त्याचं तापमान हलत नाही. मुलं खाली मान घालून लिहून घेतात. असा परिसर असतो कुठे, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही, आणि मलाही कधी स्वतःला विचारावंसं वाटलं नाही.

तोंडी परीक्षेत माझा एक ठरलेला प्रश्न असतो. बंद खोलीत फ्रिजचं दार सताड उघडं ठेवलं, तर खोली थंड होईल का? बहुतेक मुलं आत्मविश्वासाने हो म्हणतात आणि मग माझ्यातली दुष्ट बाई जागी होते. खोली तापेल, बाळा. फ्रिज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. उष्णता आपल्या मर्जीने थंडाकडून गरमाकडे जात नाही, हा दुसरा नियम. तिला तसं न्यायचं तर वीज खर्चावी लागते, आणि ती वीजही शेवटी उष्णता होऊन त्याच जाळीतून बाहेर पडते. म्हणजे आत जेवढं थंड झालं त्यापेक्षा बाहेर जास्तच तापलं. हा प्रश्न कॉलेजात बदनाम आहे. मागच्या उन्हाळ्यात मी स्वतः त्यात नापास झाले.

आम्ही घाटकोपरचे. डोंगराच्या उतारावर आमची चाळ होती, तिच्या जागी आता पुनर्वसनात मिळालेली, एसआरएची आठ मजल्यांची बिल्डिंग आहे. चाळीत आमच्या आणि काकींच्या खोलीत एकच भिंत होती. काकी म्हणजे आईची मैत्रीण. आई मालवणकडची, काकी रत्नागिरीच्या. दोघींचे नवरे एकाच गिरणीत, दोघींची बाळंतपणं पुढेमागे, आणि चाळीस वर्षांत भांडणं झाली ती फक्त सोलकढीत लसूण घालावी की नाही यावरून. नव्या बिल्डिंगच्या चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा आम्हाला ए विंग मिळाली, काकींना बी. आई दोन दिवस धड जेवली नाही. मग राहायला गेल्यावर लक्षात आलं, की मजला दोघींचाही सातवाच आहे आणि दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या दोन विंगांमधल्या अरुंद, उभ्या डक्टमध्ये समोरासमोर उघडतात. मध्ये जेमतेम आठ फूट. आईने खिडकीतून हाक मारली, काकींनी ओ दिली, आणि त्या दिवसापासून दुपारी चारचा चहा दोघी आपापल्या ओट्याशी उभ्या राहून एकत्र प्यायला लागल्या. मध्ये सात मजल्यांची पोकळी होती, पण दोघींनी कधी खाली पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

मागच्या मार्चमध्ये आई हॉस्पिटलात होती. छातीचं दुखणं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की या वयात आणि या हृदयाला उन्हाळा झेपणार नाही, खोली अठ्ठावीसच्या वर जाऊ देऊ नका. आमची भिंत पश्चिमेची. दुपारी तिला हात लावला तर चटका बसतो. मी त्याच आठवड्यात एसी घेतला. बाहेरचं युनिट समोरच्या भिंतीला लावायला सोसायटीची मनाई, बिल्डिंगची शोभा जाते म्हणून. सगळ्यांची युनिट्स डक्टमध्येच. आमचंही तिथेच लागलं, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. एसी लावला की खिडक्या बंद, हे काही मला कोणी शिकवायला नको होतं. खोली थंड झाली, आई पहिल्यांदा सलग झोपली, आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. तो इथे लपवत नाही.

एप्रिलच्या मध्यावर आई गप्प गप्प राहायला लागली. मला वाटलं, आजारपणाचा शीण असेल. मग एकदा जेवताना तिने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, ती माझ्याशी बोलणा नाय. काय झालं म्हणून विचारलं, तर तिलाही ठाऊक नव्हतं. काकींची खिडकी बंद होती. एक दिवस नाही, रोज. आईने मनातल्या मनात सगळी उजळणी करून पाहिली होती. हॉस्पिटलात भेटायला आल्या तेव्हा आपण नीट बोललो नाही का, त्यांच्या नातीच्या बारशाला गेलो नाही त्याचा राग आहे का. जाऊन विचार ना मग, असं मी म्हटलं, तर तिचा चेहरा ताठ झाला. तिने दार लावलंय, मी कशाला ठोठावू? आमच्या घरात हा ताठा पिढीजात आहे. मीही म्हटलं, जाऊ दे, म्हातारपणी होतं असं. आणि पेपर तपासायला बसले.

मेच्या पहिल्या आठवड्यात एसी भर दुपारी बंद पडायला लागला. थोडा वेळ थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा बंद. मेकॅनिक आला. त्याने घरातल्या यंत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेला, खिडकी उघडली आणि मला म्हणाला, “मॅडम, हाथ बाहर निकालो जरा.”

मी हात बाहेर काढला आणि झटकन आत घेतला. तव्यावर भाकरी टाकताना हाताला लागते तशी धग होती, पण ती सगळीकडून येत होती. तो म्हणाला, मशीन बिघडलेलं नाही, मशीनला श्वास घ्यायला हवा नाही. स्वतः फेकलेली गरम हवा तेच परत ओढतंय. मग त्याने मला वाकून मोजायला लावलं. डक्टमध्ये एकोणीस युनिट्स होती. एकोणीस घरांनी आपापल्या खोलीतली उष्णता उचलून, त्यात विजेची भर घालून, आठ फूट रुंद विहिरीत ओतली होती. गरम हवा वर चढते, तशी ती चढत होती. आणि वर पत्रा होता.

तो पत्रा आम्हीच घातला होता. तीन वर्षांपूर्वी डक्टमध्ये कबुतरांनी उच्छाद मांडला होता, आईला खोकला सुटला होता, शिवाय गच्चीवरून कोणीतरी निर्माल्याच्या पिशव्या डक्टमध्ये सोडत असे. मी अर्ज लिहिला. पहिली सही माझी. चारी बाजूंनी घट्ट बसवलेला पत्रा, फट म्हणून ठेवली नाही. बंद खोलीत एकोणीस फ्रिज, दारं उघडी. माझा आवडता प्रश्न माझ्याच खिडकीबाहेर मांडून ठेवला होता, आणि उत्तर ठाऊक असलेली मी रोज सकाळी मेट्रोने अंधेरीला जाऊन मुलांना हसत होते.

मग मी समोर पाहिलं. आमच्या युनिटचा पंखा थेट काकींच्या खिडकीवर रोखलेला होता. खिडकीच्या काचेमागे त्यांनी ओलं गोणपाट लावलं होतं. ते वाळून कडक झालं होतं आणि काठ वळले होते.

मी चपला घालून तशीच खाली उतरले आणि बी विंगमध्ये गेले. सातव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तर काकी समोर पॅसेजमध्येच बसल्या होत्या. घराच्या उंबऱ्याशी शेगडी, पुढ्यात परात, आणि त्या तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. चार-पाच घरांना त्या भाकऱ्या देतात, त्यावरच त्यांचा हातखर्च चालतो. कपाळावर घामोळ्या उठल्या होत्या. पॅसेजमध्ये का बसलात, असं विचारलं तर म्हणाल्या, काही नाही गं, वय झालं, आत उकडतं. आमच्या युनिटबद्दल अवाक्षर नाही. मीच म्हटलं, काकी, हे आमच्यामुळे आहे. त्यांनी भाकरी उलटली. “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण ती मरता मरता वाचून घरी आलेली. तिला गारवा मिळतोय तो बंद कर म्हणून मी कुठल्या तोंडाने सांगू?”

त्या बोलल्या नाहीत ते आईच्या मायेपोटी, आणि इकडे आई महिनाभर समजत होती की त्यांनी अढी धरली आहे. मला रडू यायला लागलं आणि त्याहून जास्त स्वतःचा संताप आला.

घरी येऊन आईला सांगितलं. काहीच राखून ठेवलं नाही. आईने सगळं ऐकलं, रिमोट उचलला, आणि एसी बंद केला. मी म्हटलं, असं करू नको, मी बघते काहीतरी, दोन दिवस दे. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “माका गार करूक तू तिका भाजतंस? पयला तो हयसून काढ. तवसर माका नको तुझो गारवो.” काकींकडे जाऊया म्हटलं, तर तेही नाही. कुठल्या तोंडाने जाऊ? आधी यंत्र हलव, मग जाऊ.

मे महिना. पश्चिमेची भिंत. डॉक्टरांचे अठ्ठावीस अंश. पहिल्याच दुपारी खोलीतला पारा चौतीसवर गेला आणि आई ओल्या पंच्याने मान पुसत जमिनीवर पडून राहिली. तिला काही झालं तर, हा विचार मी त्या दिवसांत शंभर वेळा केला असेन. तिची समजूत घालण्यात वेळ घालवायचा नाही, हे मात्र मी त्याच संध्याकाळी ठरवलं. ती माझीच आई आहे, ती हटणार नाही. म्हणजे हटायला हवी होती ती सोसायटी.

सेक्रेटरी खालच्या दुकानात सापडले. युनिट गच्चीवर न्यायचं आहे आणि डक्टवरचा पत्रा काढायचा आहे, असं मी सांगितल्यावर ते हसले. मॅडम, पत्र्यासाठी भांडलात तुम्हीच ना? आणि पावसाळा तोंडावर आलाय. गच्चीवर एकाला परवानगी दिली की उद्या एकोणीस जण वर येतील. शिवाय उन्हाळ्यात उकडणारच, ही मुंबई आहे.

उन्हाळ्यात उकडणारच. या वाक्यावर मी पेटले. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आठ थर्मामीटर सही करून घरी आणले आणि रविवारी सकाळी दुसऱ्या मजल्यापासून आठव्यापर्यंत प्रत्येक मजल्यावरच्या एका घराचं दार वाजवलं. डक्टच्या खिडकीत हे लटकवू द्या, दर दोन तासांनी मी येऊन आकडा लिहून घेईन. काहींनी तोंडावर दार लावलं, मग मी शेजारच्या घरात विचारलं. दिवसभर जिने चढउतार. दुपारी तीन वाजता बिल्डिंगसमोर सावलीत पारा पस्तीस होता. डक्टमध्ये दुसऱ्या मजल्यावर सदतीस, पाचव्यावर बेचाळीस, आमच्या सातव्यावर सत्तेचाळीस. आठव्या मजल्यावरच्या बाईंनी मला पाणी दिलं आणि सांगितलं, की त्यांचा एसी दुपारी चालतच नाही, कंपनीची माणसं तीनदा येऊन गेली. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की खालच्या सगळ्या मजल्यांची धग त्यांच्या खिडकीशी येऊन अडते.

पुढच्या शनिवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा झाली. मी वर्गात बोलते तशी सुरुवात केली आणि दोनच मिनिटांत लोकांचे डोळे जड झाले. मग कागद बाजूला ठेवला. म्हटलं, मी मार्चमध्ये घरात गारवा विकत आणला असं मला वाटलं होतं. गारवा कुठेच विकत मिळत नाही. मी माझा उकाडा उचलून काकींच्या स्वयंपाकघरात टाकला, आणि टाकताना त्यात थोडा आणखी घातला. इथे एकोणीस घरं तेच करताहेत आणि वर झाकण लावून ठेवलंय. झाकणाचा अर्ज माझा होता, चूक माझी होती, आता काढायचा अर्जही माझाच आहे.

सेक्रेटरी म्हणाले, तुमच्या आईंना गार वाटतंय ना मॅडम, मग आता कशाला? मी सांगितलं, आई आठ दिवस एसी लावू देत नाहीये. चौतीसमध्ये झोपते आहे. का, ते काकींना विचारा. काकी सभेला आल्या नव्हत्या, पण चाळीतली जुनी माणसं होती, आणि या दोघी कोण हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. त्यांच्यापैकी एकाने, कधी सभेत तोंड न उघडणाऱ्या गृहस्थांनी, उठून एवढंच विचारलं की पत्रा पूर्ण न काढता उचलता येईल का. येईल, असं मी म्हटलं. दोन फूट वर, लोखंडी पायांवर, चारी बाजूंनी कबुतरांची जाळी. पाऊस आत येणार नाही, धग बाहेर जाईल. वरच्या दोन मजल्यांची युनिट्स गच्चीवर. हात वर झाले. सगळे नाही, पुरेसे.

तरी पुढचे चार दिवस मी फॅब्रिकेटरच्या दुकानात पाय रोवून उभी राहिले, नाहीतर काम पावसानंतर झालं असतं. मेकॅनिकने आमचं युनिट गच्चीवर नेताना मला बजावलं, की पाइप लांब झाला, आता पहिल्यासारखी थंडी मिळणार नाही, बिलही थोडं वाढेल. मी म्हटलं, वाढू दे. अठरा वर्षं फळ्यावर हेच लिहिते आहे. आईने एसी बंद केल्यापासून बाराव्या दिवशी संध्याकाळी मी डक्टमध्ये हात काढला. उकडत होतं, पण मुंबईत मेमध्ये उकडतं तेवढंच.

आईने त्या दिवशी ठेवणीतलं पातळ नेसलं. माझा हात धरून बी विंगमध्ये आली. काकींनी दार उघडलं, आईला बसवलं, मग त्या आत जाऊन कोकम सरबत घेऊन आल्या. आई ग्लास हातात धरून बसली. मीच सुरू झाले. युनिट हलवलं, पत्रा उचलला, सातव्या मजल्यावर आज दुपारी तीनला अडतीसच होतं, अजून एखादा अंश उतरेल. काकींनी मला बोलू दिलं. मी थांबल्यावर आईला विचारलं, “ते सगळं कळलं. माझी खिडकी उकाड्याने बंद झाली. तुझी कशाने बंद होती?”

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती ग्लासकडे बघत राहिली. मला सांगून टाकावं लागलं. “मी बंद केली होती, काकी. गारवा बाहेर जातो म्हणून. पहिल्याच दिवशी.”

“मला वाटलं, हिने केली,” काकी म्हणाल्या. “तुझी खिडकी आधी बंद झाली, पोरी. मी उकाड्यातही तीन दिवस उघडी ठेवली होती, ही हाक मारेल म्हणून. मग लावून घेतली. दोन महिने गेले. आमच्या वयाला दोन महिने म्हणजे काय, ठाऊक आहे तुला?”

उष्णता जिने चढवून गच्चीवर नेता येते, त्यासाठी पाइप मिळतो, माणसं मिळतात, सभा घेता येते. ते दोन महिने कुठल्याही पाइपातून परत आणता येणार नव्हते. जे पसरलं ते आपणहून गोळा होत नाही, हे मी इतक्या वर्षांत इतक्या मुलांना शिकवलं आणि त्याचा अर्थ मला त्या खोलीत, हातात सरबताचा ग्लास धरून कळला. काकींनी मग आईचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि मला म्हणाल्या, जा, तुमची खिडकी उघड, आम्ही येतो.

या उन्हाळ्यात मी दुपारी घरी असले की चारच्या आधीच एसी बंद करते आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडते. तासाभरात खोली तिशीच्या वर जाते, कधी बत्तीसवर. आई ओट्याशी उभी राहून घामाघूम होत बोलत असते, आणि बत्तीस असो की तेहतीस, पाच वाजेपर्यंत मी ती खिडकी लावत नाही. डॉक्टर दर महिन्याला विचारतात, खोली अठ्ठावीसच्या आत असते ना? मी हो म्हणते.